झाडलोट

करवतवाला सकाळी येतो म्हणाला आणि ऊन डोक्यावर आल्यावर उगवला. तोवर वहिनींची सगळी झाडलोट उरकली होती. झाडं आज पडायची, आणि या बाई त्यांच्याखालचा पाला गोळा करतायत. हसू दे कुणाला हसायचं तर. इतकी वर्षं लोक हसलेच होते.

हसण्यासारखंच होतं म्हणा. धाकट्या दिरानं भर शेतात झाडांच्या ओळी लावल्या आणि मधल्या पट्ट्यात मका पेरला, तेव्हाच शेजारीपाजारी म्हणाले, याचं डोकं फिरलंय. तो मात्र सांगत सुटायचा: मुळं खोलवरचं सत्त्व वर आणतील, पाला पडेल, कुजेल, जमीन लोण्यासारखी होईल, जरा धीर धरा. धरला धीर. लोणी राहू दे, जमिनीचं साधं ताकही झालं नाही. झाडांलगतचा मका पिवळा आणि टीचभर. दीर आधी भांडायचा, मग नुसतं ऐकून घ्यायला लागला, आणि अलीकडे झाडांचा विषय निघाला की उठून जायचा. परवा जेवताना मान वर न करता म्हणाला, "वहिनी, झाडं काढून टाकतोय."

वहिनींनी हातातला घास ताटात परत ठेवला. झाडं लावली त्याच वर्षी त्यांचा नवरा गेला. तेव्हापासून घरात हे दोघंच, दीर आणि भावजय. या माणसानं जन्मात हट्टानं धरलेली गोष्ट काय ती ही एकच. ती पडली की हाही मनानं खचणार, हे त्यांना दिसत होतं. पण बोलणार काय? मका समोर उभा होता आणि तो काही खोटं बोलत नव्हता.

त्यांनी आपल्याकडून कसर ठेवली नव्हती. लोक पिकाला नावं ठेवतात ते ठेवोत, झाडांखाली कचरा आहे असं कुणी म्हणता कामा नये. रोज उठून खराटा घ्यायचा, पान न पान गोळा करायचं आणि कुंपणापाशी नेऊन पेटवून द्यायचं. "वहिनी झाडं झाडतात," अशी थट्टा व्हायची. गुडघे गेले, कंबर गेली. कधीकधी सकाळी कोपऱ्यातला खराटा नुसता दिसला तरी रडू यायचं. तरी उचलायचा.

करवतवाल्यानं दोर मागितला. वहिनी तो आणायला पंपाच्या खोलीमागे गेल्या. तिकडे उतार आहे, गुडघे धजत नाहीत, म्हणून त्या भागातल्या झाडांखाली त्यांचा खराटा दोन-तीन वर्षांत फिरला नव्हता. घोटाभर पाला साचलेला बघून आधी लाजच वाटली. मग मान वर गेली. तिथला मका छातीला लागत होता, हिरवागार, आणि तोही झाडाला अगदी खेटून.

पंप गळत असेल म्हणून त्यांनी हात लावून पाहिला. कोरडा ठणठणीत. मग गुडघ्यांना शिव्या घालत त्या खाली बसल्या आणि पाला बाजूला सारला. तळचा कुजून काळा झाला होता, आणि त्याखालच्या मातीत बोटं आपोआप आत गेली. गांडुळं वळवळली. त्यांच्या झाडलेल्या जमिनीत खुरपं घालायचं तर मनगटातून कळ येते.

झाडं देत होती आणि खराटा काढून घेत होता. एवढं कळायला काही शाळा लागत नाही. वहिनींनी कपाळावर हात मारला, मातीसकट.

ओंजळभर माती घेऊन त्या आल्या तेव्हा दीर करवतवाल्याला पहिलं झाड दाखवत होता.

"थांबा भाऊजी. तुमचंच खरं होतं. मीच हातानं वाटोळं केलं. पाला कधी राहूच दिला नाही."

दिरानं मातीकडे पाहिलं. त्याला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. दादा गेला तेव्हा तुम्ही अंथरूण सोडत नव्हता, अन्नाला शिवत नव्हता. मग एके सकाळी खराटा घेऊन बाहेर आलात. कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की तेवढं एक करू नका?"

"मग आता का तोडताय?"

"तुमचे गुडघे बघवत नाहीत. झाडं उभी आहेत तोवर तुम्ही काही थांबणार नाही."

वहिनी होत्या तिथेच बसल्या. रागवायचं की रडायचं, दोन्हीला त्राण नव्हतं.

"अहो, मला पहिल्याच वर्षी कंटाळा आला होता," त्या म्हणाल्या. "तुमची झाडं म्हणून झाडत होते. रोज वाटायचं, आज तरी भाऊजी म्हणतील, राहू द्या वहिनी."

दिरानं वहिनींच्या ओंजळीतली माती घेतली आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन पसरली. करवतवाल्यानं दोनदा विचारलं, सुरुवात कुठून करू, आणि दोन्ही वेळा त्याला कुणी उत्तर दिलं नाही.