पिवळ्या पट्ट्यातली मोकळी जागा

रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या त्या रंगाऱ्याला सगळं खातं 'फूटपट्टी' म्हणायचं. वीस वर्षांत त्याचा एकही पट्टा वाकडा गेला नव्हता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

चौकाच्या कोपऱ्यापासून दहा मीटरपर्यंत गाड्या लावायला बंदी झाली. तिथे वळताना बसच्या ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नसे, म्हणून तो हॉर्न वाजवतच वळायचा. रोज कुणी ना कुणी थोडक्यात बचावायचं. पिवळा पट्टा मारायला फूटपट्टी आला, तेव्हा एक सोडून सगळ्या गाड्या हलल्या होत्या. उरलेली गाडी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरची.

फूटपट्टी जिना चढून दवाखान्यात गेला. "डॉक्टर, गाडी तेवढी काढता का?"

"दात अर्धा बाहेर आलाय. तसाच ठेवून येऊ?"

खुर्चीतल्या पेशंटने घाबरून जोरजोरात मान हलवली.

तासभर वाट पाहिली. रंग घट्ट व्हायला लागला, साहेबांचे फोनावर फोन. शेवटी गाडीपुढे पट्टा थांबवून त्याने तो गाडीमागून पुन्हा सुरू केला. जीव नुसता तळमळत होता.

दुसऱ्या दिवशी वाहतूक पोलिसाने हटकलं, तर डॉक्टर म्हणाला, "पट्टा आहे तिथे बंदी. इथे पट्टा कुठाय?"

झालं! कोपऱ्यावरच्या त्या एका जागेवर अख्ख्या रस्त्याचा डोळा. दवाखाना दहाचा, पण डॉक्टर सहालाच हजर. म्हणून खालच्या दुकानातला चष्मेवाला साडेपाचला यायला लागला. एक गाडी निघते न निघते तोच दुसरी आत. फूटपट्टीने रंगाचा डबा घेऊन आठ दिवस खेटे घातले, पण जागा रिकामी मिळेल तर शपथ. घरी त्याला जेवण जाईना.

"इतकं काय मनाला लावून घेता?" बायको म्हणाली. "उद्या मी येते."

ती आली ती घडीची खुर्ची आणि अर्धवट विणलेला स्वेटर घेऊन. दुपारी चष्मेवाल्याची गाडी हलली आणि बाईंनी त्या जागेत खुर्ची मांडली. तेवढ्यात डॉक्टर जेवून परतला. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. बाई टाके मोजत होत्या.

"अहो बाई, ही गाडी लावायची जागा आहे!"

"असं लिहिलंय कुठे?"

"लिहिलेलं नाही, पण..."

"मग खुर्ची लावू नये, असं तरी लिहिलंय का?"

डॉक्टरने पोलिसाला हाक मारली. "बघता काय? उठवा यांना!"

पोलीस शांतपणे म्हणाला, "पट्टा आहे तिथे बंदी. तुम्हीच सांगितलंत ना, डॉक्टर?"

डॉक्टरचं तोंड त्याच्याच पेशंटसारखं उघडं राहिलं. तोवर फूटपट्टी मागून पट्टा ओढत येत होता. "जरा सरक," तो म्हणाला की बायको खुर्ची हातभर पुढे घ्यायची. पट्टा पुरा झाल्यावरही, रंग वाळेपर्यंत ती फुटपाथवर पहारा देत बसली. डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून घाम पुसत चालत आला आणि मान खाली घालून जिना चढला.

मग बस आली. एका दमात, कुठेही न अडता वळली. तरी ड्रायव्हरने जोरात हॉर्न दिलाच.

"आता कुणाला वाजवतोय हा?" फूटपट्टीने विचारलं.

"सवय आहे हो त्याची," स्वेटर गुंडाळत बायको म्हणाली. "चला, भूक लागली मला."