आडव्या पानावरची बाही

बँडमास्तरांनी नवा कोट घातला, ट्रम्पेट तोंडाला लावायला हात उचलला आणि बाही सरसरत कोपराला भेटायला निघाली.

"काप कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"यंत्राने," मावशी म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

साहजिकच. यंत्र मीच तिच्या गळ्यात मारलं होतं. शाळा सुटली की मी मावशीच्या शिवणाच्या दुकानात असते. कागदावर काप, म्हणजे कपड्याच्या भागांचे नमुने, आखताना तिची पाठ मोडायची, म्हणून मी संगणकावर एक सॉफ्टवेअर बसवलं. मापं टाकायची, काप छापायचा, कापडावर ठेवून कापायचं. पहिलाच कोट असा निघाला.

बँडमास्तर गेल्यावर मावशी म्हणाली, "बँडचे उरलेले कोट मी हाताने आखते. शनिवारपर्यंत झाले तर झाले, नाहीतर गेलं गिऱ्हाईक. आणि ते खोकं माळ्यावर टाक."

"थांब ना. चूक सॉफ्टवेअरची आहे, कळवते मी त्यांना."

"कंपनी ऐकणार आहे तुझं?"

"कंपनीच नाहीये गं. जगभरातले लोक आपापली कामं सांभाळून ते फुकट बनवतात. चूक कुणीही कळवायची."

"फुकटचं ते असंच असायचं."

मी तडक त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलं : सगळं लहान येतं, बाही तर फारच, लवकर दुरुस्त करा, आमचे कोट अडलेत. पुढे उद्गारचिन्हांची रांग.

उत्तर आलं ते घुबडाचं चित्र लावलेल्या एका माणसाचं. "माझ्याकडे बाही बरोबर येते. तुम्ही काय केलंत, काय यायला हवं होतं आणि काय आलं? कशाने मोजलंत?"

"कशाने म्हणजे? टेपने. वितीने मोजते की काय मी?" मावशी भडकली.

पण मला राहवेना. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढून टेपशेजारी ठेवली. टेप ताणून ताणून चांगलाच लांबला होता. म्हणजे त्याने मोजलेलं सगळंच कमी भरणार.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं.

"जास्त शहाणपणा नको. माझे कपडे आजवर बसले ते काय जादूने?"

"तुझाच टेप अंगाला, तुझाच टेप कागदाला. दोन्हीकडे सारखीच खोट, कळणार कसं? यंत्राचा इंच मात्र खरा."

मावशीने टेप केराच्या टोपलीत टाकला. मावशीला गप्प केलं, हे मी आईला फोन करून सांगितलं.

नवा टेप आणला, मापं परत घेतली, पुन्हा छापलं. पाठ बरोबर, कॉलर बरोबर. बाही मात्र आखूडच. म्हणजे तिथे खरोखर काहीतरी होतं! पानं पसरून बघितली आणि दिसलं : आडवा काढलेला लांब भाग उभ्या पानाच्या रुंदीत मावत नाही, म्हणून सॉफ्टवेअर आपणहून पान आडवं करतं. पाठ उभी काढलेली, बाही आडवी.

मग मी बाही बाजूलाच ठेवली. नव्या फाइलमध्ये एक छोटा चौकोन आणि एक लांब आडवा पट्टा काढला, बाकी काही नाही. चौकोन उभ्या पानावर, मापात. पट्टा आडव्या पानावर, आखूड. कुठली बटणं दाबली, किती यायला हवं होतं, किती आलं, सगळं क्रमाने लिहिलं. पट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो जोडले. उद्गारचिन्ह एकही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना उत्तर दिसलं. "माझ्याकडेही आखूड आला. मी लहान मुलाच्या सदऱ्यावर तपासत होतो, त्याची बाही उभ्या पानात मावते. बाही बिघडली म्हणून कित्येकांनी ओरडा केला, ती बिघडवून दाखवलीत फक्त तुम्ही. संध्याकाळी नवी आवृत्ती देतो."

दिली! मावशीने नवी बाही पट्टीने मोजली, टेपने मोजली, पुन्हा पट्टीने मोजली आणि कापडाला कात्री लावली.

शनिवारी अख्खा बँड दुकानासमोर कोट घालून उभा राहिला.

"वाजवा बघू," मावशी म्हणाली.

हात वर गेले, बाह्या मनगटावर जिथल्या तिथे, आणि अशी काही धून सुरू झाली की गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. त्या गोंगाटात मावशी माझ्या कानाशी ओरडली, "उद्यापासून पँट्सही छापायच्या."