चौदा नंबरची खुंटी

मित्रांनो, जरा सरका, ढकलाढकली करू नका, सगळ्यांना दिसतो मी. विहिरीवरच्या क्रेनशेजारी ही फळी हाय ना, तिच्यावर शेवटच्या खिळ्याला लटकलेला पितळी बिल्ला, तोच मी. बाकीचे बिल्ले तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे, इथंच भोकरदनला कापलेले. मी मात्र चीनचा हाय. हसू नका, खरं सांगून राह्यलो.

तिकडं एक सरकारी विद्यापीठ हाय, भलतंच मोठं. खाण कशी खोदायची, बोगद्याचं छत कसं टिकवायचं, मशिनी कशा बनवायच्या, हे तिथं शिकवतात. पोरं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सायकलीवर जातात, एवढं मोठं. अन् गंमत ऐका, मैदानाच्या खालीच पोरांना शिकायला एक खाण बनवलेली. वर पोरं फुटबॉल खेळून राह्यलेत, अन् त्यांच्या पायाखाली दुसरी पोरं टोपीला दिवा लावून दगड चाचपून राह्यलेत. माझा जन्म तिथल्याच वर्कशॉपचा. पहिल्या वर्षाच्या एका पोरानं मला कापलं, घासलं अन् हातोडीनं माझ्यावर चौदा ठोकला. त्याचा हात हलला म्हणून माझा चार वाकडा. बघा, दिसतो का?

खाणीच्या तोंडाशी एक खिडकी होती, अन् खिडकीत लिऊ मावशी. टोपीचे दिवे तीच द्यायची अन् बिल्ल्यांची फळी तिच्याच पाठीमागं. रीत सोपी होती. खाली जाताना आपला बिल्ला खिशात घालायचा, वर आलं की खुंटीला लावायचा. खुंटी रिकामी, म्हणजे माणूस अजून खाली हाय. एक जरी खुंटी रिकामी दिसली तर मावशी खिडकी लावायची न्हाई, बाहेर बर्फ पडत असला तरी.

पण मला कुणी घेईचना. चार आकडा तिकडं अशुभ, त्यांच्या बोलीत चार म्हणलं की मरण म्हणल्यासारखं ऐकू येतं, अन् चौदा तर बिलकुल नको, त्यात जमिनीखाली जायचं. तेरा जायचा, पंधरा जायचा, मी आपला लटकलेला. मावशी अधूनमधून फडक्यानं पुसायची म्हणून काळा पडलो न्हाई, एवढंच.

मंग एक दिवस खिडकीत एक पोरगी आली, हेल्मेट नाकापर्यंत घसरलेलं. तिचं नाव ज्योत्स्ना. भोकरदनकडची. तिचे आबा तातेराव, विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मुकादम. स्कॉलरशिप मिळवून इतक्या लांब आल्ती. मावशी तिच्यासाठी दुसराच बिल्ला काढायला लागली, तर ही मोडक्यातोडक्या चिनीत म्हणली, "मावशी, तो चौदा द्या ना."

"तो कुणी घेत न्हाई लेकरा."

"आमच्या गल्लीत चौदा एप्रिलला पहाटेपासून निळे झेंडे लागतात. नवे कपडे, मिरवणूक, गोडाचं जेवण. मला ह्याच्यापेक्षा चांगला आकडा कोणता मिळणार?"

मावशीला एप्रिलचं काय कळलं न्हाई. पण मला तिनं असं काढलं खुंटीवरून, जसं लेकीला सासरी धाडून राह्यली. अन् मी पहिल्यांदा जमिनीखाली गेलो. काय सांगू तुम्हाला, अंधार, पाण्याचं टपटप, लोखंडी खांब, अन् ज्योत्स्नाच्या खिशात मी, तिच्या पेनाला घासून टिकटिक करून राह्यलो.

एकदा काय झालं, ती खालून आली अन् सरळ मेसमधे गेली. त्या दिवशी अंड्याच्या शेवया होत्या अन् तिच्याकडं आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. मी खिशातच राह्यलो. शेवया अर्ध्या झाल्यावर कुणीतरी येऊन म्हणलं, "खाणीत शोधाशोध चालू हाय, चौदा नंबर वर आला न्हाई." ज्योत्स्ना जेवायच्या काड्या हातात घेऊनच पळाली. तिचे म्हातारे सर, गुडघ्यांनी बेजार झालेले, तिला हुडकायला खाली गेल्ते. वर आले तेव्हा तोंड काळं, श्वास पुरत न्हव्हता. त्यांनी तिला पाह्यलं, भिंतीला टेकले अन् विचारलं, "जेवलीस का?"

बस्स. रागाचा एक शब्द न्हाई. ज्योत्स्ना जी रडली. रडत रडतच तिनं मला खुंटीला लावलं. त्यानंतर तिथं मी कधी खुंटी चुकलो न्हाई.

शिक्षण संपल्यावर ती निरोप घ्यायला आली, तर मावशीनं मला तिच्या मुठीत ठेवलं. "ह्याला दुसरं कोण नेणार? घरी ने."

असा मी जालना जिल्ह्यात आलो मित्रांनो. नोकरी लागेपर्यंत ज्योत्स्ना आबांच्या कामावर जायची. पहिल्याच आठवड्यात तिनं फळी ठोकली, पत्र्याचे बिल्ले कापले. टोळीला तर विषयच मिळाला. क्रेन चालवणारा हरिओम म्हणला, "ताई, आम्ही काय बकऱ्या हाव का बिल्ला लावायला?"

सुरुंगाचा बार उडवणारा देवानंद म्हणला, "बकरी हरवली तर मालक हुडकतो तरी. तुला कोण हुडकणार?"

हसले, पण लावायला लागले. फक्त एक माणूस लावायचा न्हाई, अन् तो म्हणजे मुकादम. आबांनी मलाच मागून घेतलं, "हा माझा," म्हणले, अन् शर्टाच्या खिशात टाकलं. फाट्यावरच्या हॉटेलात गेले की मी बाहेर. "हात पूस आधी, मंग धर. चीनचा हाय. आमच्या ज्योत्स्नाच्या विद्यापीठातला." माझा वाकडा चार त्यांनी किती जणांना दाखवला असंल.

"आबा, तो खिळ्यावर पाह्यजे, खिशात न्हाई," ती म्हणायची.

"अगं मी मुकादम हाय. मी कुठं हरवतो?"

मंग तो दिवस आला. दुपारची वेळ. विहिरीच्या तळाला सुरुंगाचे तोटे भरून झाल्ते, माणसं वर येऊन राह्यल्ती, जेवण करायच्या आधी बार उडवायचा होता. आबांनी मोबाईल क्रेनवर चार्जिंगला लावला अन् कुणाला न सांगता रस्त्यानं जाणाऱ्या एकाच्या गाडीवर बसून फाट्याला गेले, टोळीसाठी भजी आणायला. तिथं ओळखीचे एक गुरुजी भेटले. झालं, मी बाहेर. आबांनी विद्यापीठापासून सुरुवात केली, खाण सांगितली, सायकली सांगितल्या. मी त्यांच्या तळहातावर तडफडून राह्यलो. माझा खिळा रिकामा हाय हो, बार उडवायची वेळ झाली, चला की. पण पितळ बोलणार कसं?

परत आलो तर विहिरीवर कुणीच जेवत न्हव्हतं. डबे बंद. सगळे काठावर उभे. देवानंदनं बाराची वायर काढून दोन्ही टोकं हातात घट्ट धरलेली. हरिओम क्रेनवर, दोर खाली गेलेला.

"काय झालं? खाली कोण हाय?" आबांनी विचारलं.

हरिओमनं त्यांच्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. "तुम्हाला हुडकायला गेली."

"कोण?"

"ताई."

देवानंद हळू म्हणला, "आम्ही म्हणलो चहाला गेले असतील. ती म्हणली, आबा वर कुठं दिसत न्हाईत, चौदाबी खिळ्यावर न्हाई, म्हणजे आबा खाली. तळाशी आडवं बोअर मारायला कोरलेल्या कपारीत माणूस वरून दिसत न्हाई, ते खरंच हाय. आम्ही जातो म्हणलो, तर ऐकलं न्हाई."

मित्रांनो, मी तेव्हा आबांच्या छातीवर होतो. आतून जे ठोके पडून राह्यल्ते ना, तसा माझ्यावर तर हातोडाबी पडला न्हव्हता. खाली तोटे भरलेले अन् तिथं त्यांची लेक. भज्यांचा पुडा कधी पडला ते त्यांना कळलं न्हाई.

दोर हलला. बकेट हळूहळू वर आलं. आधी हेल्मेट दिसलं, नाकापर्यंत घसरलेलं. मंग ज्योत्स्ना, सगळी चिखलानं माखलेली. तिनं आबांना पाह्यलं अन् तिथंच मुरमाच्या ढिगावर बसली. मंग विचारलं, "जेवलात का आबा?"

आबांनी मला खिशातून काढलं अन् फळीपाशी गेले. दोनदा लावलं, दोनदा चुकलं, मी खिळ्यावर बसंना. शेवटी देवानंदनं वायर खाली ठेवून त्यांचं मनगट धरलं, तेव्हा बसलो.

आता ज्योत्स्ना लांब एका खाणीत नोकरीला हाय. संध्याकाळी तिचा फोन येतो. "आबा, चौदा?"

"खिळ्यावर. अन् तुझा?"

"माझाबी."

एवढंच बोलतात कधीकधी अन् ठेवतात.

म्हणून सांगून राह्यलो मित्रांनो. शाळेतून या, खेळून या, शेतातून या, आलात की घरात आधी एक आवाज देत जा. तुमची खुंटी कुणीतरी बघत असतं. ती रिकामी दिसली तर तुम्हाला हुडकायला ते कुठंबी उतरतं, तुम्ही तिकडं भजी खात असलात तरी.

चला, आता सरका बाजूला. आबांचा हात येऊन राह्यला. खाली जायचंय आम्हाला.