चार बोटांवरचं चुंबक

मी होकायंत्र बोलतोय. एका छोट्या विमानात, वैमानिकाच्या डोळ्यांसमोर माझी जागा होती. आता मी फुटका आहे आणि खोटारडा म्हणून ओळखला जातो. खोटारडेपणाचा आळ जास्त झोंबतो.

मला काका सांभाळायचे. काका म्हणजे विमानतळावरचे जुने मेकॅनिक. दरवर्षी ते विमान मोकळ्या मैदानात नेऊन एकेका दिशेला उभं करत. इंजिन, रेडिओ, दिवे, उडताना जे जे चालू असतं ते सगळं चालू ठेवत. कारण विजेच्या उपकरणांनी मी थोडा बहकतो. किती बहकतो ते पत्रकावर लिहून खाली सही करत. माझ्या शेजारी लोखंडी स्क्रूसुद्धा त्यांना खपत नसे.

विमानाचा मालक स्वतःच ते उडवायचा. एक दिवस त्याने मोबाईलसाठी चुंबकाचा होल्डर आणला आणि माझ्यापासून चार बोटांवर चिकटवला.

"साहेब, तिथे नको. हातभर लांब लावा," काका म्हणाले.

"काका, होकायंत्र बघतंय कोण? मोबाईल सगळं दाखवतो."

"आणि तो बंद पडला तर?"

मालक नुसता हसला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हा पडला दीडशहाणा.

पुढच्याच आठवड्यात तो धाकट्या भावाला घेऊन उडाला. खाली ढगच ढग. वर उन्हाने तापून मोबाईल बंद पडला. तेव्हा कुठे साहेबांना माझी आठवण झाली. पण चुंबक मला ओढतच होतं. मी तीस अंश चुकलो आणि तो मुकाट माझ्यामागे आला. इंधन संपलं, विमान शेतात आदळलं. भावाचा पाय मोडला, माझी काच फुटली. लोक धावत येईपर्यंत मालकाने होल्डर उपटून खिशात घातला होता.

चौकशीत काकांनी होल्डरचं सांगितलं.

"कसला होल्डर?" मालक म्हणाला. भाऊ खाली बघत राहिला.

फुटल्यामुळे माझी तपासणी होईना. उरली पत्रकावरची काकांची सही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा काकांचा परवाना गेला. मला त्यांनी घरी आणलं.

काल तो भाऊ कुबड्या टेकत आला.

"काका, मी होल्डर पाहिला होता."

"मग तसं लिहून दे, बाळा."

त्याने कुबड्या जवळ ओढल्या. "दादा आहे हो तो माझा," म्हणाला आणि उठला. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो फाटकापाशी पोहोचला होता.

"जाऊ दे. पोराचा तरी काय इलाज," काका म्हणाले.

मी काकांइतका भला नाही. चुंबकाने ओढलं की मी वळणार, माझा धर्मच तो. त्या पोराला जीभ होती.