सतरा हातांखालचं अक्षर

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. मित्रांनो, ज्याला जन्मतःच कुलूप बसवलं, त्याचा स्वभाव संशयीच असणार. कोणी जवळ आलं की मी आधी त्याचे हात पाहतं.

देहूरोडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मला घडवलं. रेणुकाबाईंच्या लग्नात मी आहेर म्हणून आलं आणि बरीच वर्षं कान्हे गावातल्या घरात त्यांच्या साड्या सांभाळल्या. पुढे त्या लोणावळ्याला राहायला गेल्या, तेव्हा तिथल्या जिन्याच्या वळणावर मी अडकलं. चार माणसांनी आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी बाई म्हणाल्या, "न्या शाळेत."

बाई शाळेत कार्यानुभव शिकवत. माझ्या पोटात कात्र्या, ब्रश आणि रंगाचे डबे आले. शनिवारी तास संपला की बाई बावीस कात्र्या मोजून घेत. मग गुडघ्याने माझं दार किंचित उचलून धरत, तेव्हा कुठे किल्ली फिरे. ही युक्ती दुसऱ्या कोणाला साधली नाही.

एका शनिवारी एकवीसच कात्र्या भरल्या. शेवटची कात्री नववीतल्या अमृतच्या हातात होती. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर खिसे उलटे करायला लावले. खिशात फक्त चिंचोके होते. सोमवारी शिपाई महिपती झाडायला आला आणि कात्री सापडली. ती माझ्या पाठीमागे भिंतीला टेकून पडली होती. मला ते ठाऊक होतं, पण मला बोलता येत नाही.

त्याच आठवड्यात बाईंनी अमृतला सांगितलं, "कपाटावर माझं नाव घाल."

आमच्या शाळेतले पंखे, बाक, पाण्याची टाकी, सगळं कोणी ना कोणी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेलं. त्यासाठी पत्र्याचा एक कापलेला साचा होता. 'कै.', मग नावासाठी मोकळी जागा, मग 'यांच्या नावे शाळेस भेट'. अमृतने साचा माझ्या दारावर धरला आणि लाल रंगात लिहून टाकलं: कै. रेणुका शेलार यांच्या नावे शाळेस भेट.

बाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या, हातात डबा.

"बाई," महिपती म्हणाला, "मंग पुढचा तास कोन घेनार?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "अमृत, मुद्दाम केलंस?"

"न्हाई बाई. साच्यात हुतं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण उत्तर दिलं नाही. मी मात्र मनात निकाल देऊन टाकला. खिसे उलटे करायला लावले, त्याचा सूड. संध्याकाळी, सगळे गेल्यावर, बाईंनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या आतल्या चोरकप्प्यात ठेवलं. मला वाटलं, पुरावा असणार.

'कै.'वर राखाडी रंगाचा हात बसला. पण मावळातल्या ओलाव्याने दरवर्षी तिथला पोपडा सुटे आणि लाल अक्षर डोकावे. म्हणून दर जूनमध्ये नववीचा पहिला तास तेच अक्षर झाकण्याचा असे. बाई निवृत्त झाल्या, तरी जूनमध्ये रंग पाहायला येत. "अजून आहे हो मी," असं मुलांना सांगत. असे सतरा हात बसले.

या माघात बाई गेल्या.

उन्हाळ्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. त्यांनी कार्यानुभवाच्या खोलीसाठी तीन नवी कपाटं दिली. ती घेऊन आलेल्या माणसाच्या मागच्या खिशात पत्र्याची खरवडणी होती. उर्स्याला त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मी हात ओळखले. अमृत.

मागोमाग बाईंची मुलगी अनघा आली, हातात माझी किल्ली. एक मला भंगारात घालायला आला, दुसरी पोट रिकामं करायला. मी गंज घट्ट धरून बसलं.

"ताई, त्ये दार उघडत न्हाई," महिपती म्हणाला. "कापावं लागंल."

अनघाने दाराला गुडघा टेकला, दार किंचित उचललं आणि किल्ली फिरवली.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, बाईच आल्या.

ती एकेक वस्तू काढत होती. तेवढ्यात अमृतने माझ्या दाराला खरवडणी लावली.

"काय करताय?"

"ताई, ह्ये मीच लिवलं हुतं. तवा खोटं हुतं. आता खरं झालंय, म्हनून उघडं करतो म्हनलं." तो थांबला. "बाईंनी इचारलं हुतं, मुद्दाम केलंस का. मी न्हाई म्हनलो. त्यांना पटलं का न्हाई, शेवटपत्तुर कळलं न्हाई. पुन्हा इचारायची हिंमत झाली न्हाई."

अनघाचा हात चोरकप्प्यात होता. तिने फडकं सोडलं. आत साच्याचा एक छोटा तुकडा निघाला. त्यात एवढंच कापलेलं होतं: 'कै.' बाईंनी तो मुख्य साच्यापासून कायमचा कापून वेगळा केला होता. दोऱ्याने बांधलेल्या कागदावर बाईंचं अक्षर होतं.

अनघाने वाचलं, "चूक साच्याची. अमृतची नाही. हा तुकडा वापरण्यापूर्वी घरच्यांना विचारणे."

अमृतने कागद हातात घेतला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. महिपती उगीच कात्र्या मोजू लागला.

सतरा वर्षं तो कागद माझ्या पोटात होता आणि सतरा वर्षं मी त्या मुलाला सूड उगवणारा समजत होतं.

शेवटी अमृत वळला. खरवडणी त्याच्या हातातच होती. "ताई, मंग इचारतो. उघडं करू का?"

अनघाने माझ्या दारावरच्या त्या जाड राखाडी चौकोनावरून बोट फिरवलं. "यंदा नको," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी विचारा."

अमृतने माझ्यातलाच रंगाचा डबा उघडला आणि अठरावा हात दिला. मला कोणी भंगारात घातलं नाही. नव्या तीन कपाटांशेजारी मी उभं आहे.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल द्या. माझ्या पाठीमागेही झाडत जा. आणि कोणावर संशय आला, तर त्याला विचारा. त्याने उत्तर दिलं की, पटलं असेल तर तेही त्याला सांगा. कागदावर लिहून माझ्यात ठेवू नका. मला बोलता येत नाही.