सुयांचे ओरखडे

तिचे पणजोबा घड्याळजी, आजोबा सोनाराचे काटे दुरुस्त करणारे, आणि वडील सुया जुळवणारे. तिन्ही पिढ्यांचे हात असे, की केसाएवढी चूकही त्यांना सलावी. चौथी ही. लोक तिला सुईबाई म्हणत, आणि तीही तोऱ्यात ओ देई.

या सुया शिवणाच्या नव्हेत. तळहाताएवढ्या तबकडीवर तीनशे सुया बसवायच्या आणि सगळ्यांची टोके एका पातळीत आणायची; याला प्रोब कार्ड म्हणतात. चिपा सुट्या कापण्याआधी सिलिकॉनची अख्खी चकती यंत्र खालून उचलून या सुयांना टेकवते. सुयांतून वीज जाते आणि कोणती चिप धड, कोणती मेलेली, ते कळते.

टोके मळली, की यंत्र थांबवून ती पुसावी लागतात. बावीस वर्षांपूर्वी वडील ज्या चिपांच्या कंपनीत होते, तिथल्या सुपरवायझरला तेवढाही धीर नव्हता. मळातूनही वीज जावी म्हणून तो चकती आणखी वर रेटून काम उरकी. चकत्या नासल्या, तेव्हा भर हॉलमध्ये त्याने सांगितले, की म्हाताऱ्याचा हात थरथरतो, सुया वाकड्या बसतात. वडील खाली मान घालून घरी आले. पुढे त्यांनी घरातला साधा स्क्रूसुद्धा पिळला नाही. मुलीने ते वाक्य मनात गाठ मारून ठेवले.

सुपरवायझर चढत चढत त्याच कंपनीचा मालक झाला. इतक्या बारीक सुया जुळवणारी आसपास एकटी सुईबाई उरली होती, म्हणून नाइलाजाने तो तिच्या कार्यशाळेची पायरी चढला. तिने काम घेतले. धाकट्या भावाचे माथे भडकले. घेतलेच आहेस तर दोन सुया जरा तिरक्या बसव, असे त्याने सुचवले, तेव्हा तिने त्याला उभा सोलला.

“आपल्या हातून वाकडी सुई जाणार नाही. स्वतःचं वाटोळं करायला त्या माणसाला माझी मदत लागत नाही.”

अकरा दिवस डोळ्यांत तेल घालून तिने कार्ड जुळवले. देताना दोनच अटी लिहून मालकाची सही घेतली: दर दोनशे टेकवणींनंतर टोके पुसायची, आणि ठरल्याहून अधिक दाबायचे नाही.

कार्ड दिल्यापासून सहाव्या दिवशी तिला निरोप आला. चिपा भराभर मरत होत्या, आणि खरेदीदाराची तपासणी अधिकारी हॉलमध्ये येऊन उभी होती. जुने कामगारही भोवती जमले होते.

“काय सांगू मॅडम,” मालक म्हणाला, “घराण्याचाच दोष. बापाचा हात थरथरायचा, पोरीचाही थरथरतो.”

सुईबाईने चकती मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि अधिकारी बाईंना खुर्ची पुढे केली. सुई टेकते तिथे धातूच्या इवल्याशा चौकोनावर ओरखडा उमटतो.

“वाकडी सुई एकटीच भरकटते, मॅडम. इथे तीनशेच्या तीनशे ओरखडे सारखेच लांब आहेत, सगळे चौकोन ओलांडून गेलेत. सुया जागच्या हलल्या नाहीत. चकती खालून कोणीतरी रेटली.”

अधिकारी बाईंनी यंत्रावरचा दाबाचा आकडा मागवला. तो ठरल्याच्या दुप्पट निघाला. त्यांनी मालकाला बजावले, की सुया हिच्या असतील आणि यंत्र हिच्या नजरेखाली चालेल, तरच काम इथे राहील. नाहीतर आजच उचलते. मालकाच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने सुईबाईपुढे हात जोडले.

“माझ्या बाबांच्या वेळी चकत्या कोणी रेटल्या?” तिने विचारले. “मला नको, या सगळ्यांना सांगा.”

त्याने खाकरून घाम पुसला. तेवढे बोललो की बाई वितळेल, असा त्याचा होरा होता.

“मीच रेटल्या,” तो म्हणाला. “त्याच्या सुया सरळ होत्या.”

कोपऱ्यातल्या एका पिकल्या केसांच्या फिटरने चष्मा काढून डोळे टिपले.

“झालं ना आता?” मालक अजिजीने म्हणाला. “कधीपासून येतेस?”

“तुमच्या यंत्रावर माझ्या सुया पुन्हा लागणार नाहीत,” सुईबाई म्हणाली. “दुसरं कोणी मिळतं का, शोधा.”

अधिकारी बाईंनी तिथेच फोन लावून काम दुसऱ्या कंपनीकडे वळवले. मालक यंत्रासमोरच्या स्टुलावर मटकन बसला, आणि त्याला सावरायला एकही कामगार पुढे झाला नाही. सुईबाई मात्र ताठ मानेने हॉल ओलांडून बाहेर पडली. बापाचे देणे तिने आज पुरते फेडले होते.