बुक्क्याचं मुसकं

आण्णा कीर्तनाला उभे राहिले की बुक्का त्यांच्या पायाशी येऊन बसायचा, हा चंदीगडच्या मराठी मंडळात एक शिरस्ताच होऊन गेला होता. बुक्का म्हणजे आण्णांचा लॅब्रॅडॉर. कीर्तनात कपाळाला लावतात त्या बुक्क्यासारखा काळाकुळकुळीत, म्हणून नाव बुक्का. जीभ बाहेर काढून तो सबंध कीर्तनभर धापा टाकायचा, आणि ती धाप तबल्याच्या खालून एकसारखी चालू असायची. "हा आमचा बिनपगारी झांजवाला," आण्णा सांगायचे, आणि बदलीवर आलेले फौजी काय, हॉस्पिटलातले डॉक्टर काय, सगळे पोट धरून हसायचे.

पेटीवर असायची आण्णांची सून, पद्मिनी. पोर मिरजेची. तिच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बोटांकडे बघू नकोस, बुवांच्या छातीकडे बघ. बुवांचा दम कुठे संपणार हे बुवांच्या आधी पेटीवाल्याला कळलं पाहिजे. ते श्वास घेतील तेवढा वेळ आपण सूर धरून ठेवायचा, म्हणजे कथेतून कुणी खाली पडत नाही. पद्मिनीनं हे इतकं मनावर घेतलं होतं की बसमध्ये शेजारच्या बाईचा दमासुद्धा तिला ताला-सुरात ऐकू यायचा.

पोटापाण्याचा तिचा उद्योग मात्र वेगळा. ती वस्तूंचे आराखडे करायची. शहराजवळच्या खरड गावात एक खोली भाड्यानं घेऊन तिथं तिनं प्रिंटर, साचे, रबराचे तुकडे असा संसार मांडला होता. नवरा अंशुमन हवाई दलात, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. घरात सासरा, सून आणि बुक्का.

ऐन थंडीत तिच्या ओळखीच्या गुरलीन, जनावरांच्या डॉक्टर, हातात एक फाटकं कापडी मुसकं घेऊन आल्या. त्यांच्या दवाखान्यातला मदतनीस बलजीत एका अल्सेशियनला टाके घालत असताना त्या कुत्र्यानं त्याचा चावा घेतला होता. बोटाचं पेर गेलं होतं.

"पद्मिनी जी, बाजार का हर मज़ल बेकार है," गुरलीन म्हणाल्या. "कापडाचं घातलं तर सरकतं, तारेचं घातलं तर नाक सोलवटतं. आप कुछ बनाओ."

आण्णांनी आतून ऐकलं. "तोंड बांधायचं यंत्र करतेयस होय, सूनबाई? पहिलं माझ्या मापाचं कर. तुझी सासू जन्मभर मागत होती, बिचारी तशीच गेली."

"तुमच्या मापाचं रबर मिळत नाही, आण्णा."

पद्मिनीनं पहिलं मुसकं केलं ते मऊ रबराच्या पिंजऱ्यासारखं. आत कुत्र्याला तोंड उघडता यायचं, जीभ बाहेर काढता यायची. गुरलीननी ते आठवडाभर वापरलं आणि परत आणलं. एका पॉमेरियननं फटीतून बलजीतचं दुसरं बोट धरलं होतं. थोडक्यात निभावलं. पद्मिनीनं फटी बारीक केल्या. मग कानात औषध घालताना कुत्रं जबडा हलवतं, डोकं झटकतं, अशी तक्रार आली. तिनं हनुवटीखाली एक मऊ गादी बसवली. गादीनं जबडा अलगद वर धरला. कुठे काचत नव्हतं, घासत नव्हतं, रक्त नव्हतं.

आणि कुत्री गप्प झाली.

"एकदम चुप! जादू है जी," बलजीत फोनवर म्हणाला. पेर गेलेल्या बोटाचा फोटोही त्यानं पाठवला, आता भरत आलंय म्हणून. पद्मिनीनं तो देवापुढे धरला. एका गरिबाचा हात वाचला, यापरतं पुण्य कोणतं?

अरिष्ट काही नगारे वाजवत येत नाही. ते भल्या माणसाच्या घरी पाहुण्यासारखं चपला काढून, नमस्कार करून आत शिरतं. सगळ्या चाचण्या झाल्या त्या हिवाळ्यात. धुक्यात, गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात, हीटर लावलेल्या खोलीत. थंडीत कुत्रं तसंही तोंड मिटूनच असतं. पद्मिनीनं चावा तपासला, वळ तपासले, पट्टा तपासला. कुत्र्याला घाम येत नाही, जीभ हाच त्याचा पंखा, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ऐनवेळी आठवणं वेगळं.

एप्रिलमध्ये आयटी पार्कातल्या एका जोडप्याची हस्की नखं कापून घेताना टेबलावरच कलंडली. मुसकं काढल्यावर उठली, पाणी प्याली, घरी गेली. "घबरा गई थी," गुरलीन म्हणाल्या. पद्मिनीच्या मनात काहीतरी खुट्ट झालं. तिनं विचारायला तोंड उघडलंही. पण गुरलीन पुढचंच बोलू लागल्या, मुल्लानपूरच्या नव्या केंद्रात भटक्या कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर घ्यायचंय, तिथं ही मुसकी हवीत, सगळीच्या सगळी. पद्मिनीनं तोंड मिटलं. खुट्ट झालेलं मनातच राहिलं.

"बस, एक बात," मुसक्यांचं खोकं उचलून निघताना गुरलीन म्हणाल्या. "दवाखान्यात पाच-दहा मिनिटांत काम होतं. शिबिरात रांग असते. जरा जास्त वेळ पहनाके देखो. आपल्या घरच्याच कुत्र्यावर."

मग जून आला. भाजून काढणाऱ्या वाऱ्याची लू सुटली, रस्ते तव्यासारखे तापले, विजेचे कट सुरू झाले. बुक्क्याच्या कानात पू झाला. औषध घालायला गेलं की तो आण्णांवरसुद्धा गुरगुरायचा, आणि मग ओशाळून त्यांचाच हात चाटायचा.

निर्जला एकादशीला मंडळात आण्णांचं कीर्तन ठरलेलं. आण्णांनी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. अंशुमननं फोनवर हात टेकले होते, पद्मिनीनं विनवण्या केल्या होत्या. "एक घोट तरी, आण्णा. या वयात निर्जळी कसली?"

"वय माझं झालंय, एकादशीचं नाही. तू पेटीकडे बघ."

सगळ्या सेक्टरात कोपऱ्याकोपऱ्यावर छबील, म्हणजे फुकट सरबताची पाणपोई, लागली होती. सरदारजींची पोरं गाड्या थांबवून थांबवून गुलाबी सरबताचे पेले हातात कोंबत होती. आण्णांनी प्रत्येक ठिकाणी हात जोडले आणि पुढे गेले. पद्मिनीचा जीव त्यांच्या कोरड्या ओठांत अडकला होता.

हॉलमध्ये पोचल्यावर तिनं बुक्क्याला मुसकं चढवलं, कानात थेंब घातले. तो हूं की चूं करेना. पट्टा सोडायला तिनं हात नेला, आणि तिला गुरलीनचं बोलणं आठवलं. राहू दे कीर्तनभर. बुक्क्यानं सोसलं तर येत्या रविवारच्या शिबिराची चिंता मिटली.

आण्णांनी मुसकं पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "आज झांजवाल्याला रजा दिलीस?"

"शांत बसेल, आण्णा. बघा तुम्ही."

नमन झालं, पूर्वरंग झाला. आण्णांचा आवाज नेहमीपेक्षा कोरडा होता, पण भाव तसाच ओथंबलेला. मग लाइट गेले. पंखे फिरत फिरत थांबले. कुणी खिडक्या उघडल्या, तर बाहेरची झळ आत आली. मंडळाच्या सरोजताईंनी दोन मोठ्या समया लावल्या. घामाचा, उदबत्तीचा आणि तेलाचा वास एक झाला. आण्णांनी उपरणं कमरेला घट्ट केलं आणि आख्यान लावलं. तळ्यात पाय अडकलेल्या हत्तीची गोष्ट, देव मुक्या जिवाची हाक कशी ऐकतो ती.

पद्मिनीची नजर त्यांच्या छातीवरून हलत नव्हती. आता दम लागेल, आता तोल जाईल. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती सूर जरा जास्तच धरून ठेवत होती, म्हाताऱ्याला टेकायला भिंत असावी तसा.

बुक्का पुढच्या पायांवर डोकं टेकून पडला होता. डोळे अर्धे मिटलेले. रबरातून लाळेची तार सतरंजीवर उतरत होती.

"बघा तरी," सरोजताई शेजारणीला कुजबुजल्या. "कुत्रं कसं तल्लीन झालंय. निर्जळी धरलीय जशी काही."

"मागच्या जन्मीचा वारकरी हो कुणीतरी. हललं नाही मघापासून."

बुक्का लावत फिरणाऱ्या बाईंनी वाकून त्याच्याही कपाळावर बोट टेकवलं. काळ्यावर काळं, दिसलंसुद्धा नाही. दोघातिघांनी हात जोडले. पद्मिनीनं ते डोळ्यांच्या कडेनं पाहिलं आणि, देव तिला क्षमा करो, तिला बरं वाटलं. दोन तास होत आले होते. मुसकं पास झालं होतं.

हत्तीचं बळ सरलं. सोंडेचं टोक तेवढं पाण्यावर उरलं. आण्णांनी हात वर केला आणि लांब श्वास घ्यायला थांबले. तबला थांबला. पद्मिनीनं षड्ज धरला.

या जागेवर तिनं आजवर शेकडो वेळा सूर धरला होता. आणि दर वेळी त्या सुराखाली एक आवाज असायचा. हॅ, हॅ, हॅ, हॅ. आज पंखाही बंद होता, म्हणजे तो आवाज उलट मोठा यायला हवा होता.

सुराखाली काहीच नव्हतं.

सबंध संध्याकाळ ती एका जिवाचा श्वास मोजत बसली होती, आणि जीव दुसराच जात होता.

कीर्तनात पेटीवाल्यानं आरतीआधी उठू नये, सूर सोडू नये. पद्मिनीनं भात्यावरचा हात काढला. षड्ज खाली बसत बसत विझला. आण्णांनी डोळे उघडले. क्षणभर त्यांना वाटलं सूनच चक्कर येऊन पडली, कारण ती पेटी ओलांडून जमिनीवर आडवी झाली होती.

"पद्मे! काय झालं?"

"आण्णा, याचा श्वास…"

घामेजल्या बोटांत बक्कल येईना. आण्णा खाली बसले, दातांनी पट्टा धरून ओढला. मुसकं निघालं. बुक्क्याची जीभ बाहेर पडली ती जांभळी, सुजलेली, जणू त्याची नव्हेच. अंग हात लावू नये इतकं तापलेलं.

"पाणी!" आण्णा ओरडले. दिवसभरात तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

रस्त्यावरच्या छबीलवाल्या पोरांनी पिंप उचलून आणलं. गुलाबी सरबत, पाणी, जे असेल ते त्याच्या पोटावर, पंजांवर ओतलं. सरोजताई पदरानं वारा घालत होत्या आणि तोंडानं नुसतं नाम चाललं होतं. मघाशी हात जोडणारे आता भिंतीला टेकून उभे होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पद्मिनीनं गुरलीनना फोन लावला. त्या लुधियान्याला लग्नात होत्या, मागे बँड वाजत होता.

"बर्फ मत लगाना, सादं पाणी आणि वारा," त्यांनी घाईनं सांगितलं. "साँस आ रही है?"

बुक्क्याची छाती हलली. थांबली. पुन्हा हलली. मग एक धाप, फाटक्या भात्यासारखी. आण्णांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचे कोरडे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"येतोय," पद्मिनी म्हणाली, आणि मग एकदम तिला शिबिर आठवलं. "डॉक्टर, ती मुसकी. रविवारच्या शिबिरात घालू नका. एकसुद्धा नको."

पलीकडे बँड वाजतच राहिला.

"डॉक्टर?"

"पद्मिनी जी, शिबिर आजच ठेवलं, बलजीत बघतोय. छुट्टी थी, तो…" गुरलीनचा आवाज बारीक झाला. "दुपारी ऊन होतं म्हणून संध्याकाळी घेतलं. दुपारपासून पकडून आणलेत. सब को पहना रखा है."

पुढचं पद्मिनीनं ऐकलं नाही. तिनं बलजीतचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. हॉलमध्ये सगळे तिच्याकडे बघत होते. आण्णासुद्धा.

"हांजी दीदी!" बलजीतचा आवाज खुशीत होता. "बत्ती गई हुई है, पर कोई टेन्शन नहीं. आज तो सारे बड़े आराम से लेटे हैं. एक भी नहीं भौंका."

"काढ! बलजीत, सब खोल! अभी! सगळ्यांची मुसकी काढ!"

"पर दीदी, काटेंगे…"

"काटने दे!" ती किंचाळली. ज्या हातासाठी तिनं एवढा खटाटोप केला होता, तोच हात ती आता दातांत घालायला सांगत होती. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, पळणारे पाय, पहिलं बक्कल.

पद्मिनीनं डोळे मिटले आणि कान दिला. दुसरं बक्कल. मग एक धाप, खोल, ओरबाडल्यासारखी. कुणीतरी भुंकलं, आणि बलजीतनं "हाय!" म्हणून हात झटकल्याचं तिला कळलं. ते भुंकणं तिला नामघोषासारखं वाटलं. तिसरं बक्कल. चौथं. आणखी एक धाप. मग बक्कलांचे आवाज येत राहिले, एकामागून एक, आणि त्यांच्यामागून काहीच आलं नाही.

"दीदी." बलजीत फोनजवळ आला होता. त्याला दम लागला होता. "इधरवाले उठ गए. पर पीछे जो दीवार के साथ लेटे हैं ना…"

तो थांबला.

बुवांचा दम सरला की पेटीवाल्यानं सूर धरायचा असतो. पद्मिनी फोन कानाला घट्ट लावून बसून राहिली. तिच्या मागे आण्णांच्या मांडीवर बुक्का धापा टाकत होता, हॅ, हॅ, हॅ, आणि त्या आवाजाच्या पलीकडे, मुल्लानपूरच्या अंधारात, भिंतीच्या कडेनं काही हलतंय का, हे ती ऐकत होती.